नसलेले आणि लपलेले

इतिहास मी शाळेत शिकले नाही. त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून वहीत फुलं काढायचे. मला इतिहास कळला तो जन्मनोंदवहीतून. गावच्या प्रसूतिगृहात मी चौतीस वर्षं नर्स आहे. पाच खाटा, एक पाळणाघर म्हणावं तर कोपरा, आणि एक मोठी खिडकी, समोरच्या शाळेच्या पटांगणाकडे उघडणारी.

बाटल्यांच्या कारखान्यात तिसरी भट्टी पेटली त्या वर्षी माझ्या वहीत दोनशे बारा बाळं आहेत. मग सीमेवर लढाई सुरू झाली, पलीकडचा रस्ता बंद झाला, आणि आमच्या बाटल्या कुणी घेईना. एक भट्टी विझली, त्या वर्षी एकशे चाळीस. दुसरी विझली, नव्वद. आधी फिटर गेले, मग त्यांचे धाकटे भाऊ, मग भावांच्या बायका. शेवटी न्हावीसुद्धा गेला, कारण कापायला डोकीच उरली नव्हती. अडतीस बाळांच्या वर्षी आम्ही दोघी नर्सा चादरींच्या घड्या मोडायचो आणि पुन्हा घालायचो, हात रिकामे नकोत म्हणून.

चार वर्षांपूर्वी तीच लढाई डोंगराच्या त्या अंगाला सरकली आणि तिकडची माणसं सीमेवरचा डोंगर ओलांडून आमच्याकडे आली. ज्या लढाईनं आमची पोरं घालवली तिनंच ही माणसं आणून सोडली. ती कारखान्याच्या ओस पडलेल्या कामगार वसाहतीत उतरली. वर्षभरात एका व्यापाऱ्यानं जुन्या गोदामात बुटांचे वरचे भाग शिवायचा उद्योग काढला. दया आली म्हणून नव्हे, स्वस्तात शिवणारे हात आयते मिळाले म्हणून. पण पगार सुरू झाले की पाळणे हलतात, हे मी कुठल्याही मंत्र्याला लिहून देईन. मागच्या वर्षी वहीत एकाहत्तर बाळं होती आणि माझी कंबर पुन्हा दुखायला लागली होती. मला ते दुखणं आवडत होतं.

आणि नेमकं तेव्हा पत्र आलं. ज्या गावाची वस्ती चार हजारांच्या खाली असेल तिथलं प्रसूतिगृह बंद करून खिंडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळाला जोडण्यात येईल. जोडण्यात! जणू खिंड म्हणजे कपड्याला लावायचं ठिगळ. तीन तासांचा रस्ता आहे तो, आणि हिवाळ्यात किती तासांचा ते देवालाच ठाऊक.

माझी थोरली बहीण त्या रस्त्यावर गेली. तेव्हा गावात प्रसूतिगृह नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते, रिकाम्या बाटल्यांच्या ट्रकमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या वळणावर ती गेली, बाळ पाचव्या. त्यानंतर मी नर्सिंगला गेले. म्हणून ते पत्र वाचून मला राग आला नाही, मला भीती वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाशी माझी ओळख जुनी आहे.

वस्ती मोजायचं काम शाळेच्या गुरुजींकडे होतं. सभ्य माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. पंधरा दिवस ते घरोघर फिरले आणि एका दुपारी प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहून म्हणाले, "सिस्टर, पेढे नाहीत, पण बातमी गोड आहे. चार हजार एकशे अठरा!"

माझा जीव भांड्यात पडला. पण भांडं फुटकं निघालं.

महिन्याभरात कार्यालयातून कागद परत आले. आमच्या गावची तीनशे अठ्ठावीस माणसं इतर शहरांतही मोजली गेली होती. एक माणूस दोन ठिकाणी झोपू शकत नाही, असं कार्यालयानं कळवलं होतं. मला वाटतं त्यांनी फार जग पाहिलेलं नाही. ती नावं काढून आकडा झाला तीन हजार सातशे नव्वद. हरकत असेल तर तीन आठवड्यांनी एक अधिकारी बाई येतील, त्यांच्यासमोर फेरमोजणी होईल. ती शेवटची.

काढलेल्या नावांची यादी गुरुजींनी माझ्यापुढे धरली. पहिल्याच पानावर माझ्या नणंदेचे तीन मुलगे होते. वन्सं आमच्या शेजारी राहतात, एकट्या. मुलं मोठ्या शहरांत जाऊन पंधरा वर्षं झाली. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

"वन्सं, तुम्ही गुरुजींना चार जण सांगितलेत?"

"मग? चारच आहोत आम्ही."

"मुलं इथे आहेत का?"

"बाहेर गेलीत," त्या म्हणाल्या, जणू कोपऱ्यावर साबण आणायला गेलीत. न्हाणीघरात तीन ब्रश उभे होते, केस न झिजलेले. "आणि मला काय विचारतेस? स्वतःच्या घरात विचार की."

मी घरी येऊन यादी पुन्हा पाहिली. अकराव्या पानावर आमची लेक होती. आठ वर्षं ती तिकडे दूरच्या शहरात आहे, तिला तिथे दोन मुलं आहेत, आणि आमच्या ह्यांनी गुरुजींना घरात तीन माणसं सांगितली होती.

"अहो, हे काय?"

हे कारखान्यातले जुने फिटर. एक बोल्ट चुकीचा बसवला तर रात्रभर न झोपणारा माणूस. म्हणाले, "तोंडातून निघेना गं, दोन. तीनच निघालं."

मी ह्यांच्यावर ओरडणार होते, पण मला ठाऊक होतं ते कुठून आलंय. आमच्या आईबापांच्या काळात रेशनची वर्षं होती. मोजणीच्या दिवशी जो घरात नसेल त्याचं नाव कटायचं, आणि नाव कटलं की पीठ कटायचं. कामाला गेलेला भाऊ परत आला की त्याला ताटात वाढायला काही नसायचं. तेव्हापासून आमच्या गावात गेलेल्याचं नाव कुणी काढत नाही. विचारलं की सांगायचं, आहे, इथेच आहे, बाहेर गेलाय. रेशन जाऊन चाळीस वर्षं झाली, खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते आमच्याकडे बघूनच म्हटलं असावं.

आता दोनशे दहा माणसं कमी पडत होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. "सिस्टर, वसाहतीत मला मुलं दिसली बावीस. आठशे लोकांत बावीस मुलं? दोरीवर वाळणारे कपडे तर वेगळंच सांगत होते. तुमच्याकडे लसीची वही आहे ना?"

होती. त्या वहीत वसाहतीतली दोनशे साठ मुलं होती, वजनासकट. गुरुजी आले तेव्हा ती कुठे होती तेही मला माहीत होतं: गोदामाच्या मागच्या खोलीत, चामड्याच्या गठ्ठ्यांमागे, मूग गिळून गप्प.

"वहीची नक्कल द्या. मी कागदाला जोडतो. संपला विषय."

"विषय संपेल," मी म्हटलं, "आणि माझा शब्दही."

चार वर्षांपूर्वी ही माणसं आली तेव्हा एकही बाई मूल घेऊन लसीला येत नव्हती. मी वसाहतीत गेले तर दारं लागायची. शेवटी मशीनआजीनं दार उघडलं. शिवणयंत्राचं लोखंडी मुंडकं डोक्यावर घेऊन ही बाई डोंगर ओलांडून आली, म्हणून गावानं तिला ते नाव दिलं; वसाहतीत तिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. तिनं मला एकच विचारलं होतं, वही कुठे ठेवणार? मी म्हटलं होतं, माझ्या कपाटात, आणि ती तिथून बाहेर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी दारात चाळीस मुलं उभी होती.

त्या आठवड्यात मी आणि हे रोज भांडलो. "तुझा शब्द मोठा की बायकांचे जीव?" हे म्हणायचे. मी म्हणायचे, "शब्द मोडला तर उद्या लसीला कोण येईल?" मग हे म्हणायचे, "प्रसूतिगृहच नसलं तर तू लस देशील कुठे, चौकात?" आणि ते खरं होतं, म्हणून मी जास्तच भांडायचे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. मला माझी बहीण आठवायची. त्यात मशीनआजीच्याच नातसुनेचे दिवस भरत आले होते, पहिलटकरीण, अरुंद कंबर. खिंडीच्या रस्त्यावर ही पोरगी टिकणार नाही हे मी लिहून दिलं असतं.

एका सकाळी मी वही पिशवीत टाकली आणि शाळेकडे निघाले. दारापर्यंत गेले. गुरुजी मुलांना पाढे म्हणायला लावत होते. मी पाच मिनिटं उभी राहिले, मग वळले आणि वसाहतीत गेले. शूर होते म्हणून नाही. मला ते करवेना, एवढंच.

मशीनआजी शिवत होती. मी वही तिच्या मशीनवर ठेवली.

"यात सगळी मुलं आहेत," मी म्हटलं. "ही मोजली नाहीत तर प्रसूतिगृह जाईल. पण मी शब्द दिलाय, म्हणून मी ती कुणाला देणार नाही. तुला देते. फाडायची तर फाड. लसींची नोंद माझ्या डोक्यात आहे, बरीचशी."

तिनं वही उघडली नाही. पाय मशीनवरून काढला. आमची भाषा ती आता बरी बोलते, फक्त भूतकाळ वगळून. सगळं तिला आत्ताच घडत असतं.

"आमच्या गावात मास्तर येतो," ती म्हणाली. "चांगला माणूस. चष्मा आहे. घरात किती, विचारतो. माझी सासू चहा देते. सगळी नावं सांगते, लहानातल्या लहानाचंसुद्धा. आमचा वेगळा कागद असतो, हिरवा. बाकीच्यांचा पांढरा. चार महिन्यांनी ट्रक येतात. ट्रकवाल्याच्या हातात तो हिरवा कागद. दारात उभं राहून नावं वाचतो. एक कमी पडला तर थांबतो, शोधतो."

दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात हे मी हज्जार वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. म्हणून मी तिला आमचं सांगितलं. रेशनचं, पिठाचं, वन्संच्या तीन ब्रशांचं, आणि आमच्या ह्यांच्या तोंडातून न निघालेल्या दोनाचं. ती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"म्हणजे तुम्ही नसलेले लिहिता," ती म्हणाली, "आणि आम्ही असलेले लपवतो. बिचारा मास्तर!"

मग दोघी हसलो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तिची नातसून पोट धरून दारात येऊन बघायला लागली की या म्हाताऱ्यांना झालंय काय. पण वहीबद्दल मशीनआजी चकार शब्द बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

आठ दिवस गेले. फेरमोजणीच्या आदल्या दिवशी ती प्रसूतिगृहात आली. उभ्यानंच बोलली.

"मोजणी घरात नको. पटांगणात, उजेडात. वेगळा कागद नको. तुमचे आमचे एकाच रांगेत, एकाच कागदावर. तुमच्यातला एक, आमच्यातला एक, असे मिसळून. मग ट्रकवाल्याला आमची नावं वेगळी काढता येणार नाहीत."

"ट्रक येणार नाही गं," मी म्हटलं.

"सासूलाही असंच वाटतं," ती म्हणाली. मग ती जाता जाता म्हणाली, "यादी नेणारे पुष्कळ येतात. आणून देणारी तू पहिली."

मी धावत गुरुजींकडे गेले. ते म्हणाले, नियमात घरोघर लिहिलंय. मी म्हटलं, नियमाची घडी करून खिशात ठेवा. अधिकारी बाई संध्याकाळी पोचल्या, त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला माणसं दिसली म्हणजे झालं, ती घरात दिसोत की पटांगणात. शहाणी बाई. आमचे हे आणि वन्सं गावभर फिरले, उद्या सगळ्यांनी यायचं, दुकानं बंद, आणि रांगेत ओळखीच्यामागे उभं राहायचं नाही.

आणि ज्या सकाळसाठी मी दोन महिने जीव टांगून बसले होते त्या सकाळी मशीनआजीच्या नातसुनेला कळा सुरू झाल्या. आजी तिला माझ्याकडे सोडून माणसं आणायला वसाहतीत परतली. पोरगी खाटेवर, मी खिडकी आणि खाट यांच्या मधे.

दहा वाजता पटांगणात आमचीच माणसं होती. साडेदहाला तीच. वसाहतीकडचा रस्ता रिकामा.

"आले का?" पोरीनं दोन कळांच्या मधे विचारलं.

"येतील. तू श्वास घे."

"तुम्ही घेत नाही आहात," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

अकराला ते आले. आधी मशीनआजी, मागे बाया, बायांच्या हाताला मुलं, कडेवर मुलं, आणि त्या मागे बापे, टोप्या हातात घेऊन. मुलांचे केस ओले करून चापून बसवलेले. रांगेजवळ येऊन सगळे थांबले. कुणी हलेना. इकडचे तिकडे बघतात, तिकडचे इकडे. तेवढ्यात आमच्या वन्सं, ज्या चार वर्षांत वसाहतीतल्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या रांगेतून एक पाऊल मागे सरल्या आणि पुढ्यात जागा करून म्हणाल्या, "या की! उन्हात काय उभं करताय पोरांना?" खिडकीतूनही ऐकू आलं, वन्संचा आवाज तसा आहे.

मग रांग सरकायला लागली. एक आमचा, दोन त्यांचे, एक आमचा. वन्संची पाळी आली. गुरुजींनी विचारलं असणार, घरात किती. वन्संनी एकदा आमच्या गल्लीकडे पाहिलं. मग बोट वर केलं. एकच बोट. मी खिडकीत उभ्या उभ्या रडले, आणि मागून पोरगी ओरडली म्हणून डोळे पुसून हात धुवायला पळाले.

त्यानंतर मला पटांगण दिसलं नाही. बाळ आडमुठं होतं, खांदा अडकला. तो प्रकार मी चौतीस वर्षांत नऊ वेळा पाहिलाय आणि नऊही वेळा माझे पाय गार पडलेत. रस्त्यावर असते तर दोघंही गेली असती, हे मी लिहून देते. पण आम्ही रस्त्यावर नव्हतो. दुसरी नर्स होती, उजेड होता, गरम पाणी होतं. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. आधी निळसर, मग गुलाबी, मग लालभडक आणि प्रचंड चिडलेली.

मी दार उघडलं तर बाहेर तिघं उभे. आमचे हे, मशीनआजी, आणि गुरुजी, कागदांची चळत छातीशी धरून.

"चार हजार सव्वीस!" हे म्हणाले. "नसलेले सोडून हं. मी दोन सांगितले."

मी भिंतीला टेकले. कसलं हलकं वाटलं म्हणून सांगू, जसं कुणी पाठीवरचं पोतं उचलून नेलं. ह्यांनी माझा हात धरला, गुरुजींच्या देखत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

"मग गुरुजी इथे कशाला?" मी विचारलं.

"मला पकडून आणलंय," गुरुजी म्हणाले. "आजींनी घरात दहा सांगितले. मी मोजले तर नऊ. म्हटलं, जन्मलेलेच लिहितात. तर म्हणाल्या, पेन खाली ठेवू नका, थांबा. तीन तास थांबलोय. आजी, आता ऐका, आकडा पुरा झालाय. वरती सव्वीस जास्तच आहेत. हिची गरज नाही."

मशीनआजी आत गेली होती. नातसुनेच्या कपाळावरून हात फिरवून तिनं बाळ उचललं, दारात आणलं आणि गुरुजींच्या अगदी समोर धरलं. पहिल्या मोजणीत या बाईनं घरात दोन माणसं सांगितली होती.

"गरज म्हणून नाही," ती म्हणाली. "ही आहे. लिहा."

गुरुजींनी चळत भिंतीवर टेकवली, पांढरा कागद वर काढला. तिनं बाळाचं नाव सांगितलं, पूर्ण, मोठ्यानं, वऱ्हांड्याच्या टोकाला बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं. गुरुजींनी लिहिलं. तिनं ते परत वाचायला लावलं, आणि त्यांनी दारात उभं राहून ते वाचलं. शेवटपर्यंत ती बाळाला घट्ट धरून उभी होती. मग काहीच झालं नाही. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि बाळाकडे बघून हसले.

"चहा आहे का?" मशीनआजीनं मला विचारलं, आणि खाली बसली.